किडक्या वांग्यांचा हिवाळा

मार्गशीर्ष लागला की कारेगावच्या बाजारात मेथीचे ढीग पडतात, वांगी अशी चकचकीत मांडलेली असतात की त्यांत तोंड बघून घ्यावं, आणि माझ्या मनात संशय उठतो. बाकीच्या बायका भाव विचारतात. मी वांगं उचलते, उलटंपालटं करते, देठ नखानं खरवडते आणि नाकाला लावते. विकणारी बाई मला आता ओळखते. "मावशी, घ्यायचं तर घ्या. नवरी बघायला आल्यासारखं करू नका," म्हणते. मी तिला काही बोलत नाही, कारण नवरी बघताना माणसं इतकी बारकाईनं बघत असती तर निम्मी लग्नं झालीच नसती.

घरी आणलं की आधी मिठाचं पाणी, मग हळदीचं, मग सोड्याचं, शेवटी साधं. चार पाणी झाल्याशिवाय भाजी विळीवर येत नाही. आमचे हे दारातून बघत उभे राहतात. "मला न्हाई कवा एवढी आंघोळ घातलीस," म्हणतात. बोलू देत. यांना काय, ताटात पडेल ते मुकाट खायचं. ताटात काय पडतंय त्याची राखण मला करायची आहे.

तशी मी जन्माचीच संशयी. आई म्हणायची, ही पोर देवाच्या प्रसादाचासुद्धा वास घेऊन खाते. तेल घाण्यावरून आणते, तिथंही शेंगदाणे घाण्यात पडताना आणि तेल बाहेर येताना डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी हलत नाही. गुळाचंही तेच. यवतकडची मी, गुऱ्हाळाच्या धुराचा वास नाकात घेऊनच वाढले. पूर्वी पिवळाधमक गूळ बघितला की लोक खूश व्हायचे. मग कुणीतरी सांगितलं पिवळ्यात पावडर असते, काळा खा. मी काळा आणायला लागले. आता काळ्याला गिऱ्हाईक वाढलंय म्हटल्यावर मला काळ्याचाही संशय येतो. गिऱ्हाईकाला जे आवडतं ते बनवायला माणसाला कितीसा वेळ लागतो?

पण हे चार पाण्यांचं खूळ मूळचं नाही. ते तीन वर्षांमागच्या हिवाळ्यात लागलं.

त्या वर्षी यांच्या कंपनीत सगळ्यांचं मेडिकल झालं. हे रांजणगावला मशीनवर आहेत, पंचवीस वर्षं एकाच शेडमध्ये. कधी डोकं दुखलं म्हणून सुट्टी घेतली नाही. रिपोर्ट आला, शुगर वाढलेली, लिव्हरवर चरबी. डॉक्टर चांगला होता. म्हणाला, "काका, गोळी सुरू करू. पण खरं औषध ताटात आहे. ताट सुधारलं तर अजून वीस वर्षं काढाल." हे ऐकून घेत होते आणि मला त्यात भलतंच ऐकू आलं. ताट वाढतं कोण? मीच की. म्हणजे हे जगले तर गोळीनं जगले म्हणतील, आणि काही बरंवाईट झालं तर बायकोनं नीट खायला घातलं नाही म्हणतील.

आणि शुगर म्हणजे काय ते मी केंदूरला, माझ्या सासरच्या घरी, बघितलेलं होतं. सासऱ्यांच्या पायाला चप्पल लागली, जखम भरेना, आधी बोट गेलं, मग पाऊल गेलं, मग गुडघ्याखालचं सगळं. शेवटची दोन वर्षं ते ओसरीवर बाजेवर बसून रस्त्यानं जाणाऱ्यांच्या पायांकडे बघत असायचे. चेहऱ्याकडे नाही, पायांकडे. मला यांच्या बाबतीत ते नको होतं. मला त्याची फार भीती वाटत होती, आणि भीती वाटली की माझा संशय दुप्पट होतो.

कंपनीनं एक आहारतज्ज्ञ मुलगी बोलावली. घरच्या बायकांनाही यायला सांगितलं. काडीसारखी मुलगी, पडद्यावर ज्वारी-बाजरी-नाचणीची चित्रं दाखवून म्हणाली, आजी-आजोबांचं जेवण जेवा, शंभर वर्षं जगा. आम्ही माना हलवल्या. बाजरी खाऊन खाऊन कंटाळलेल्या बायकांना ती बाजरीचं महत्त्व सांगत होती. भाषण संपल्यावर चहा दिला, मरणाचा गोड, सोबत क्रीमची बिस्किटं. मी चहा घेतला नाही. यांचा कप मी हातातून काढून घेतला तेव्हा शेजारचे हसले.

शंभर वर्षांचंही मला पटेना. आमची माणसं मूळची मेंढरामागं फिरणारी. माझ्या आज्यानं आयुष्यभर दूध, बाजरीची भाकरी आणि रानातली भाजी खाल्ली. गोळी पोटात गेली नाही की साखर गेली नाही. तरी साठीच्या आत गेला, एका पावसाळ्यात, खोकता खोकता. त्याचा भाऊ मात्र नव्वदीपर्यंत तंबाखू मळत बसलेला मी बघितलाय. आता नव्वदी गाठलेल्या म्हाताऱ्याला सगळे विचारतात, आप्पा, तुम्ही काय खात होता? लवकर गेलेल्याला विचारायला कोण जाणार? जुनं ते सोनं म्हणायला आपलं काय जातं.

पण यांच्या पायाचा प्रश्न होता, म्हणून केलं सगळं. भात कमी केला. साखरेचा डबा माळ्यावर टाकला. मोबाइलवर रोज सकाळी कुणीतरी नवा काढा पाठवायचं, कारल्याचा रस, शेवग्याचा पाला, रात्रभर भिजवलेले मेथीदाणे. एकीकडे कारलं उपाशीपोटी घ्या, दुसरीकडे उपाशीपोटी अजिबात घेऊ नका. नाचणीची बिस्किटं आणली, पाकिटावर शेत आणि हसणारी म्हातारी. चष्मा लावून मागचं वाचलं तर पहिलं नाव मैद्याचं. ते पाकीट मी तसंच दुकानात परत नेऊन ठेवलं आणि दुकानदाराशी भांडले.

भाजीचं मात्र मला टेन्शन नव्हतं, कारण भाजी माहेरची होती. माझा थोरला भाऊ, दादा, यवतजवळ आमच्या वस्तीवर शेती बघतो. भाजीपाला हा त्याच्या हातचा, माझ्या लग्नानंतरचा. माझ्या लहानपणी रानात बाजरी, मटकी आणि मेंढरांच्या लेंड्या एवढंच होतं. पुढे विहिरीला पाणी लागलं, मोटार आली, दादानं वांगी-मेथीत हात घातला आणि चांगलं बस्तान बसवलं. त्यांच्या वस्तीवरचा एक टेम्पो चौफुला-न्हावरा करत इकडं रांजणगावच्या बाजूला माल घेऊन येतो. त्यात दर आठवड्याला दादा माझ्यासाठी एक पिशवी टाकायचा. काय ती वांगी, आणि काय ती मेथी, पानाला डाग नाही. चाळीतल्या बायका बघायला यायच्या. मी मुद्दाम दारात बसून निवडायची.

यांचा रिपोर्ट यायच्या थोडं आधी, त्याच दिवाळीत, भाऊबीज झाल्यावर, मी दौंडला जाऊन हक्कसोड केली. वडिलांच्या जमिनीतला माझा हिस्सा दादाच्या नावे सोडला. मनापासून सोडला, कुणी जबरदस्ती केली नाही. आमच्याकडे बहिणी सोडतातच. न सोडणारीला माहेरचा उंबरा जड जातो हेही सगळ्यांना माहीत असतं. सही केली, अंगठा उठवला, दादानं हॉटेलात भजी खाऊ घातली, वहिनीनं साडी दिली. परत येताना गाडीत शेजारची बाई म्हणाली, "सह्या झाल्या का? आता बघा बरं माहेर कसं वागतंय." मी म्हटलं, आमचा दादा तसला नाही.

पंधरा दिवसांनी नेहमीसारखी पिशवी आली. उघडली तर वांगी किडकी. एकेका वांग्याला दोन-दोन भोकं, काही वाकडी, काही खुरटी. मेथीच्या पानांची चाळण झालेली. मी पिशवी झाडली, तर तळातून एक अळी सावकाश चालत बाहेर आली. म्हटलं असेल, चुकून भरलं असेल. पुढच्या आठवड्यात तेच, त्याच्या पुढच्या आठवड्यातही तेच. मग माझ्या डोक्यात गाडीतल्या बाईचा आवाज घुमायला लागला. सही होईपर्यंत चकचकीत, आणि सही झाली की व्यापाऱ्यानं नाकारलेला माल बहिणीला. बरं, मधल्या काळात दुसरं काही घडलंच नव्हतं. म्हणजे घडलं होतं, यांचा रिपोर्ट मी फोनवर दादाला वाचून दाखवला होता. पण ते आणि हे जोडायचं माझ्या डोक्यात आलं नाही. माझ्या मनात सारखा दौंडचा तो सहीचा कागद होता.

दादाचा फोन यायचा. "भाजी मिळाली का?"

"मिळाली."

"कशी हाय?"

"हाय."

"दाजींना आठवणीनं घालत जा बरं का."

मी फोन ठेवून दातओठ खायची. कचरा पाठवायचा आणि वर आठवणीनं घाल म्हणायचं. मी भांडले नाही. भांडले असते तर बरं झालं असतं. माहेर तुटायच्या भीतीनं मी गप्प बसले, आणि आतल्या आत दादाला रोज चार शिव्या दिल्या.

आमच्या शेजारच्या खोलीत सुनीता राहायची. बिहारकडची, नवरा कंत्राटी कामगार, दोन लहान पोरी. ती पिशवी मी तिला द्यायला लागले. देताना आधी सांगितलं, "देख, कीडा है इसमें. काट के निकालना पडेगा." तिनं एक वांगं उचलून बघितलं, हसली. म्हणाली, "दीदी, गाँव में तो हम ऐसा ही खाते थे." मला तिची कीव आली. मग मी कारेगावच्या बाजारात जाऊन यांच्यासाठी चांगली, गुळगुळीत वांगी विकत आणायची. डॉक्टरांनी ताट सुधारायला सांगितलं होतं ना. नवऱ्याच्या ताटात किडकं वाढणारी बाई मी नव्हते. अख्खा मार्गशीर्ष असाच चालला, पौष लागला.

भोगीच्या आदल्या दिवशी दादाचा फोन आला, दोघं या म्हणून. मी जायचं ठरवलं, ते भोगीसाठी कमी आणि डोळ्यांनी बघण्यासाठी जास्त. यांनी रजा टाकली. शिरूरहून चौफुल्याची एसटी धरली, पारगावच्या पुलावर नदी ओलांडली, दोन्ही बाजूंना उसाच्या फडांतून कोयत्यांचे आवाज. मी मनात वाक्यं जुळवत होते. दादा, जमीन दिली म्हणून बहीण संपली का? हे वाक्य मला फार आवडलं होतं, मी ते चार वेळा घोळवलं.

वस्तीवर पोचलो. हे दादाबरोबर मोटारीकडे गेले. मी वहिनीबरोबर भोगीच्या भाजीला वांगी आणायला निघाले. समोरच मोठं वावर, वांग्याचं, झाडावर तीच ती चकचकीत जांभळी वांगी. मी मुद्दाम तिकडे वळले, म्हटलं बघू काय म्हणते. हात घातला, एक तोडलंही.

"वन्सं, तितलं नका घेऊ," वहिनी मागून म्हणाली. "परवाच फवारलंय. ते मार्केटचं हाय."

"मग आपण कुठलं घ्यायचं?"

"आपलं हिकडं." ती मला विहिरीच्या अंगाला घेऊन गेली. जुन्या साड्या बांधून केलेलं कुंपण, आत चार ओळी वांग्याच्या, दोन वाफे मेथीचे, थोडा पावटा. झाडं खुरटी, पानांना भोकं, फळं किडकी. माझ्या पिशवीतली वांगी मी झाडावर लगेच ओळखली.

"ह्याला औषिद मारत न्हाई," वहिनी सांगत होती. "ह्यो घरचा वाफा. हितं समद्यांच्याच रानात असतो असा येक. तुम्ही कवा बघितला न्हाई व्हय? तुम्हाला आधी मार्केटचंच यायचं. तुमचे दादा म्हनायचे, सासरच्या घरी किडकं कसं धाडायचं, मंगलला चाळीत खाली बघाया लागंल. पन दाजींची शुगर निघाली तवापास्नं म्हनले, आता लाज बाजूला ठेवायची, घरचंच धाडायचं. सोता निवडून भरत्यात पिशवी."

मी कुंपणाची साडी धरून उभी राहिले. वाफ्यात तोडण्यासारखं फारसं काही उरलेलंच नव्हतं. झाडं ओरबाडल्यासारखी दिसत होती.

"आन् तुम्ही?" मी विचारलं. "तुम्ही काय खाता मग?"

"ह्यात दोन घरं भागत न्हाईत, वन्सं. आमी मोठ्या वावरातलंच खातो. धुवून घेतो की." ती खाली बसून उरलीसुरली वांगी तोडायला लागली. "आपला माल तुमच्या कारेगावच्या बाजारातबी जातो म्हनं. दिसतो का तुम्हाला कवा?"

मी नाही म्हटलं.

तेवढ्यात दादा आणि हे आले. दादाच्या पाठीवर फवारणीचा पंप होता, तोंडाला रुमाल होता पण तो गळ्यात उतरलेला. मी त्याला विचारलं, "दादा, हे फवारलेलं लोक खातात, तुला काही वाटत नाही?" भांडणासाठी जुळवलेल्या वाक्यांपैकी हे नव्हतं.

"वाटतंय की," दादा म्हणाला. "पन भोक दिसलं की व्यापारी क्रेट मागं ढकलतो. त्याचंबी काय चुकतंय? घेनाऱ्या बायका भोकाचं वांगं हातात धरत न्हाईत. आळीचा संशय येतो त्यांना."

हे माझ्याकडे बघत होते. त्यांना सुनीताच्या पिशव्या माहीत होत्या. ते काही बोलले नाहीत, याबद्दल मी त्यांची जन्मभर ऋणी आहे. आपला संशय खरा निघाला तर माणूस दुःखी तरी होतो, चार लोकांना सांगून मोकळा होतो. खोटा निघाला की कुणाला सांगणार? ज्या भावाला दोन महिने मनात शिव्या दिल्या, तो स्वतःच्या घरचा घास काढून माझ्या नवऱ्याच्या पायासाठी पाठवत होता, आणि मी तो शेजारी देऊन त्याच्याच फवारलेल्या वावरातला माल पैसे मोजून नवऱ्याला घालत होते. मला तिथल्या तिथं रडू आलं असतं, पण दादानं विचारलं असतं काय झालं म्हणून.

यांची शुगर पुढे उतरली. कशानं उतरली ते मला माहीत नाही. गोळी होती, भात कमी होता, हे स्टॉपपर्यंत चालत जायला लागले होते. दादा म्हणतो घरच्या वांग्यांनी उतरली, आणि मी त्याला तसं म्हणू देते. सुनीताच्या पोरींना त्या हिवाळ्यात खोकला झाला नाही असं सुनीता म्हणायची. त्यावरही माझा विश्वास नाही, पण ऐकायला बरं वाटायचं. आता ती दुसरीकडे राहायला गेली. दादाला मी अजून काही सांगितलेलं नाही. इतकी वर्षं सगळ्या जगावर डोळे वटारले, आता स्वतःचा संशय घ्यायची वेळ आली तर चार पाण्यांनी मेथी धूत बसते.

भोगीच्या त्या दुपारी वस्तीवर पंगत बसली. तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकऱ्या, लोणी, आणि भोगीची भाजी. भाजीची पातेली मात्र दोन होती, एक लहान आणि एक मोठं. वहिनीनं लहानातून आम्हा दोघांना वाढलं. माझ्या ताटातल्या वांग्याच्या फोडी वेड्यावाकड्या होत्या, किडकं कापून टाकल्यावर उरलेल्या. मग तिनं मोठ्यातून दादाला वाढलं आणि स्वतःला घेतलं. त्यातल्या फोडी एकसारख्या, गुबगुबीत होत्या. आठवड्याभरापूर्वी हे बघितलं असतं तर मी ताटावरून उठले असते.

मी पाट सरकवला आणि मोठ्या पातेल्यात डाव घातला.

"मंगल, ते नको घेऊ," दादा म्हणाला. "ते आमचं हाय. तुझं त्या बारक्या पातेल्यात हाय."

दौंडला मी एका झटक्यात सही केली होती. जमीन सोडली, विहीर सोडली, काही वाटलं नाही. पण हे 'आमचं' काही मला सोडवेना. "आमचं म्हंजी माझं न्हाई का?" मी म्हटलं, आणि डाव भरून भाकरीशेजारी वाढून घेतला. वहिनी दादाकडे बघायला लागली. दादानं मान खाली घालून भाकरी मोडली.

मी एक घास बारक्या पातेल्यातल्या भाजीचा घेतला, एक मोठ्या पातेल्यातल्या. सवयीप्रमाणे नीट चावून, जिभेवर घोळवून बघितलं. मला काहीच फरक कळला नाही. दोन्हीची चव सारखीच होती.